पाटीमागचा देश

ज्या माणसाला मातीत लोळवायचं म्हणून बाईंनी इतकी वर्षं नोकरी टिकवली, त्याच माणसाचं गुणगान लिहून द्यायचं काम शेवटी बाईंच्याच टेबलावर येऊन पडलं. कक्षप्रमुखांनी फाईल ठेवली आणि वर म्हणाले, "जरा मनापासून लिहा हां. मोठ्या साहेबांना भाषा चांगली लागते."

"लिहिते की," बाई म्हणाल्या. "त्यांच्याबद्दल मला फार वाटतं."

कक्षप्रमुख खूश होऊन गेले. बाईंनी फाईल उघडली आणि पहिल्याच ओळीत 'कनवाळू' हा शब्द टाकला. टाकताना पेन इतकं दाबलं गेलं की खालच्या दोन कागदांवर वळ उठले.

बाई म्हणजे परराष्ट्र खात्यातल्या उपसचिव. आवाज शाळेतल्या बाईंसारखा, म्हणून सगळं खातं त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. मोठे साहेब म्हणजे माजी गृहसचिव. निवृत्त झाले तरी ज्यांची गाडी, शिपाई आणि रुबाब काही सुटत नाही, अशा मंडळींपैकी एक. आता त्यांना शेजार परिषदेचं महासचिव व्हायचं होतं. आजूबाजूच्या पाच देशांनी मिळून ही परिषद काढली होती. सरहद्दीवरची सुरक्षा एकत्र सांभाळायची, भांडणं टेबलाशी बसून मिटवायची आणि एकमेकांच्या देशात निवडणुका धड होतात की नाही यावर लक्ष ठेवायचं, असं तिच्या घटनेत छापलेलं होतं. छापायला काय जातं!

बाईंचं माहेर नदीपलीकडच्या देशातलं. लग्न होऊन त्या अलीकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. धाकटा भाऊ तिकडेच राहिला, मतमोजणी केंद्रावर कारकून म्हणून. तिकडचा लष्करशहा निवडणूक हरला तेव्हा त्याने आकडे फिरवायला लावले. बाकीच्यांनी मुकाट फिरवले. धाकट्याने फिरवले नाहीत, उलट बाहेर येऊन वार्ताहरांना खरे आकडे सांगितले, आणि मग अंगावरच्या कपड्यांनिशी पूल ओलांडून ताईच्या घरी आला. माडीवरच्या खोलीत खिडकीपासून लांब बसायचा, आणि भावोजींचा पायजमा आपल्याला किती आखूड होतो यावर स्वतःच हसत सुटायचा.

बाईंनी त्याच्यासाठी रीतसर आश्रय मागितला. सरकारी नोकर ना त्या, रीतीवर त्यांचा भारी विश्वास. गृहसचिवांनी स्वतः फोन केला. "काळजी सोडा. तो आता आमचा पाहुणा," असं गोड आवाजात म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कचेरीत असताना जबाब घ्यायच्या निमित्ताने गाडी आली, आणि त्या गाडीने पाहुण्याला थेट पुलावर नेऊन पलीकडच्यांच्या हवाली केलं. परिषदेच्या सुरक्षा सहकार्य कराराप्रमाणे शेजाऱ्याने माणूस मागितला की द्यायचा. कोर्ट नाही, सुनावणी नाही. त्यानंतर धाकटा घरच्या कुणाला दिसला नाही. बाई त्याच संध्याकाळी विचारायला गेल्या तेव्हा गृहखात्याने सांगितलं की करार असला तरी आजवर कुणालाच पलीकडे दिलेलं नाही, आणि अशी कुणी व्यक्ती तर या देशात आलीच नव्हती.

घरी माडीवर त्याचा ओला टॉवेल दोरीवर होता आणि हे म्हणे आलाच नव्हता!

बाईंनी आकांडतांडव केलं नाही. केलं असतं तर चार दिवस लोक हळहळले असते आणि पाचव्या दिवशी बाईंची बदली कुठल्या तरी गोदामात झाली असती. त्यांनी डूख धरला. साप डूख धरतो असं लोक उगाच म्हणतात. त्यांनी बाईंना पाहिलेलं नाही. बढती घेतली, बदल्या टाळल्या, ज्यांचं तोंड बघू नये अशांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. बाईंचं माहेरचं आडनाव खात्यात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्यांनीही ते कधी जिभेवर येऊ दिलं नाही.

मधल्या काळात पलीकडचा लष्करशहा गेला, तिकडे लोकांनी निवडलेलं सरकार आलं, आणि बाईंची आई लेकीकडे राहायला आली. तिने माडीवरचीच खोली मागून घेतली. टीव्हीवर मोठे साहेब दिसले की ती आवाज वाढवायची आणि त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसायची.

"आई, कशाला बघता त्याला?" एकदा जावई म्हणाला. त्याचं नळ-तोट्यांचं दुकान, स्वभाव मऊ. "झालं गेलं. त्रास तुम्हालाच होतो."

"मला त्रास नाही होत," म्हातारी म्हणाली. "मी वाट बघतेय. खुर्ची ह्याच्या बुडाखाली येता येता निसटलेली बघायचीय मला. आणि कशामुळे निसटली, ते त्याला कळलं पाहिजे. मग मी जायला मोकळी."

जावयाने ताटातला भात कालवला. आईच्या पानात वाढताना बाईंचा हात जरा जास्त वेळ तिच्या खांद्यावर राहिला.

आता परिषदेची रीत सांगितली पाहिजे, कारण बाईंचा सगळा डाव त्या रीतीवर होता. परिषदेत मतदान म्हणून नसतं. सगळं एकमताने. अध्यक्ष ठराव वाचतात आणि विचारतात, "कुणाची हरकत?" टेबलावर प्रत्येक देशापुढे त्याच्या नावाची लांबट पाटी आडवी ठेवलेली असते. बोलायचं असेल त्याने ती उभी करायची. कुणी उभी केली नाही की हातोडा पडतो, ठराव मंजूर. एकाने जरी हरकत घेतली तरी ठराव बारगळतो, आणि हरकत का, हे सांगायचं बंधन नाही. पाटीमागे कोण बसलंय, मंत्री की कारकून, हेही कुणी विचारायचं नाही. पाटीमागे जो बसला तो देश.

हा नियम कागदावर सगळ्यांना पाठ होता. पण आजवर हरकत घेतली कुणी? सगळं आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ठरलेलं असायचं. त्यामुळे एक मजेशीर प्रथा पडली होती. अध्यक्ष ठराव वाचायला लागले की पाचही देशांचे मंत्री उठून मंचाच्या पायऱ्यांवर जाऊन उभे राहायचे. हातोडा पडला रे पडला की हस्तांदोलनाचा फोटो निघाला पाहिजे ना! फोटोवाल्यांना घाई असते आणि मंत्र्यांना त्याहून. एवढ्या वेळापुरतं पाटीमागे हाताखालचं कुणीतरी बसायचं, पाणी पीत, मोबाइल चाळत. पाच देशांचं सार्वभौमत्व तेवढा वेळ अशा लोकांच्या हाती असायचं, ज्यांना वरिष्ठांनी एवढंच बजावलेलं असायचं की काही झालं तरी तोंड उघडू नका.

या वेळी आपल्या देशाच्या पाटीमागे बाई बसणार होत्या. ही जागा मिळावी म्हणून त्यांनी कक्षप्रमुखांची किती मनधरणी केली होती, ते त्यांचं त्यांना माहीत. साहेबांच्या स्वतःच्याच देशाने साहेबांच्या नावाला हरकत घ्यायची! जगात कुणाची अशी शोभा झाली नसेल. बाई भाजी चिरताना, इस्त्री करताना, बसच्या रांगेत उभ्या असताना ते दृश्य डोळ्यांपुढे आणत आणि त्यांच्या जिवाला गार वाटे. नोकरी जाणार होती. जाऊ दे. तिचं काम तेवढंच होतं.

बैठकीच्या दिवशी सकाळी परिषदेच्या इमारतीत बाई कोट टांगायच्या खोलीत आपला कोट अडकवत होत्या. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई."

बाईंचा हात थबकला. ही हाक त्यांना मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. मागे नदीपलीकडच्या देशाचे राजदूत उभे होते. पूर्वी ते वकील होते, लष्करशहाच्या काळात बरीच वर्षं कोठडीत काढली होती. सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणत. उजव्या हाताची बोटं तिथे मोडली होती, म्हणून हस्तांदोलन डाव्या हाताने करायचे.

"तुम्ही मला ताई का म्हणालात?"

"तुमचा भाऊ म्हणायचा म्हणून. एकाच कोठडीत होतो आम्ही. पावसाळाभर. ताई परराष्ट्र खात्यात, ताई अशी, ताई तशी... भावोजींचा पायजमासुद्धा माहितीये मला." ते किंचित हसले. मग हसू गेलं. "नंतर त्याला दुसरीकडे नेलं. पुढचं तुम्हाला सांगण्यासारखं नाही, आणि न सांगताही तुम्हाला कळलेलंच असणार."

बाईंनी कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती. रडायचं नाही, एवढंच त्यांनी मनाशी म्हटलं. रडलं की राग पातळ होतो.

"आज पाटीमागे तुम्ही बसणार हे काल कळलं मला," वकीलसाहेब म्हणाले. "तेव्हापासून झोप नाही. ताई, तुमच्या मनात काय आहे ते मला स्वच्छ दिसतंय. माझ्याही मनात तेच आहे. पण करू नका."

"काय म्हणालात?"

"आजचा ठराव जोडठराव आहे. अर्ध्या भागात साहेबांची नेमणूक. अर्ध्या भागात करारातली दुरुस्ती, की न्यायाधीशापुढे उभं केल्याशिवाय कुणालाही सरहद्दीपलीकडे द्यायचं नाही. ही दुरुस्ती आमच्या सरकारने आणलीये. डोंगरी देशातला जनरल ती होऊ देत नव्हता. त्याला महासचिवाच्या खुर्चीत साहेबांसारखा डोळेझाक करणारा माणूस हवाय. म्हणून सौदा झाला. त्याला साहेब, आम्हाला दुरुस्ती. एकाच ठरावात दोन्ही. तुम्ही हरकत घेतलीत तर दोन्ही जातं."

"जाऊ दे."

"तुमच्याच देशाच्या डोंगराकडच्या नाक्यावर एक नर्स अडकून पडलीये. जनरलच्या गोळ्या लागलेल्या पोरांना मलमपट्टी केली, हा तिचा गुन्हा. ठराव पडला तर या आठवड्यात तिला पलीकडे ढकलतील. तुमच्या भावाला ढकललं तसंच."

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते बाईंना त्या क्षणी कळलं. आणि ती आग साहेबांवरची नव्हती, समोरच्या या भल्या माणसावरची होती.

"मला शहाणपण शिकवायला आलात?" त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "त्याच्याबरोबर कोठडीत राहिलात ना तुम्ही? आणि त्याला पोचवणाऱ्याला खुर्ची द्यायला निघालात? बोटं मोडली ती मोडली, कणाही मोडला का तिथे?"

वकीलसाहेबांनी ते ऐकून घेतलं. "मोडला असेलही," ते म्हणाले. "पण आमच्या सरकारने शब्द दिलाय. जोडठराव जसा आहे तसा आला तर आमची पाटी हलणार नाही. मी कितीही दातओठ खाल्ले तरी."

"मग दोन वेगळे करा की! एक हा, एक तो."

"नियमात आहे तशी सोय. कुणीही मागणी करू शकतो, भाग वेगवेगळे घ्या म्हणून. सगळ्यांना माहितीये. पण पाच मंत्र्यांनी जेवताना बांधलेली गाठ भर सभेत सोडायची, म्हणजे पाचांच्याही तोंडावर मारल्यासारखं. आम्ही ते केलं तर शब्द मोडला. बाकीचे कशाला करतील?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी तुम्हाला आज्ञा करू शकत नाही, ताई. विनंती केली."

ते गेले. बाई कोटांच्या रांगेत उभ्या राहिल्या. कुणाची तरी अत्तर मारलेली शाल नाकाला लागत होती. त्यांना आई आठवली, टीव्हीपुढे बसलेली. आणि मग न पाहिलेली ती नर्सही डोळ्यांपुढे आली, नको असताना. कोण कुठली, तिच्यापायी आपण आपलं इतक्या वर्षांचं उट्टं सोडायचं? पण पोरगी नाक्यावरच्या बाकावर बसलेली दिसायला लागली ती लागलीच. बाईंनी तिला मनातल्या मनात शिवीसुद्धा दिली.

सभागृहात मोठे साहेब आधीच येऊन बसले होते, पाहुण्यांच्या पहिल्या रांगेत, नव्या कोटात. केस नुकतेच काळे केलेले. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात हातात घेऊन थोपटत होते. बाई समोरून गेल्या तेव्हा त्यांचाही थोपटला.

"ते चारपानी टिपण तुम्हीच लिहिलंत ना? सुरेख! 'कनवाळू' तर फारच छान. माझ्या मिसेसना वाचून दाखवलं."

"आवडलं ना? बरं झालं," बाई म्हणाल्या आणि हात सोडवून घेतला. जागेवर बसल्यावर त्यांनी तो हात टेबलाखाली साडीला पुसला.

अध्यक्षस्थानी बेटांच्या देशाचे म्हातारे प्रतिनिधी होते. त्यांनी चष्मा लावला, ठराव हातात घेतला, आणि ठरल्याप्रमाणे पाचही मंत्री उठले. आपले मंत्रीमहोदय जाता जाता बाईंच्या कानाशी वाकून म्हणाले, "दोन मिनिटं सांभाळा." मंचाच्या पायऱ्यांवर कोण मध्ये उभा राहणार यावर थोडी ढकलाढकली झाली. नदीपलीकडच्या पाटीमागे वकीलसाहेब बसले. डोंगरी देशाच्या पाटीमागे एक गोरागोमटा तरुण अधिकारी बसला आणि त्याने ताबडतोब पाण्याचा ग्लास उचलला.

"...नियुक्ती आणि करारातील दुरुस्ती, दोन्ही एकत्र मंजुरीसाठी ठेवत आहे," अध्यक्षांनी वाचलं. "कुणाची हरकत?"

हातोडा वर गेला होता. बाईंनी पाटी उभी केली.

आवाज झाला तो एवढाच, लाकडावर लाकूड. पण म्हाताऱ्या अध्यक्षांचा हातोडा हवेतच राहिला. पहिल्या रांगेत मोठे साहेब कौतुकाने हसले. त्यांना वाटलं, आपला देश आता आभाराचे दोन शब्द बोलणार.

"बोला," अध्यक्ष म्हणाले.

बाईंच्या तोंडात 'हरकत' हा शब्द तयार होता. इतकी वर्षं घासून पुसून ठेवलेला. तो तिथून ढळेना, आणि बाहेरही येईना. त्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते टेबलाकडे बघत बसले होते, मोडकी बोटं दुसऱ्या हाताने झाकून. मग बाईंना एकदम वाटलं, गाठ सोडायला शब्दाने बांधलेला माणूस कशाला हवा? आपण कुणाला शब्द दिलाय?

"आमच्या देशाची मागणी आहे," बाई म्हणाल्या, आणि तो शाळेतला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला, "की ठरावाचे दोन्ही भाग वेगवेगळे घ्यावेत. आधी करारातली दुरुस्ती. मग नियुक्ती."

पायऱ्यांवर कुजबुज झाली. मंत्रीमहोदयांचं फोटोसाठी तयार केलेलं हसू ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बाईंना शोधायला लागले. अध्यक्षांनी शेजारच्या कायदा सल्लागाराला विचारलं. सल्लागाराने खांदे उडवून मान डोलावली. नियम होताच.

"ठीक. पहिला भाग, दुरुस्ती. कुणाची हरकत?"

डोंगरी देशाच्या त्या तरुण अधिकाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मागे वळून पाहिलं. त्याचे मंत्री दूर पायऱ्यांवरून हातवारे करत होते, पण त्या हातवाऱ्यांचा अर्थ उठ की बस, ते त्याला कळेना. तोंड उघडू नका, असं त्याला बजावलेलं होतं. त्याने आज्ञा पाळली. नोकरी करणारा माणूस तो, दुसरं काय करणार?

हातोडा पडला. दुरुस्ती मंजूर.

नर्सचं काम झालं. आता आपलं, असं म्हणून बाईंनी पाटीला पुन्हा हात घातला, तोच कुणीतरी तो हात धरला. मंत्रीमहोदय पायऱ्यांवरून धावत आले होते, धाप लागली होती, टाय खांद्यावर गेला होता.

"उठा," ते दातांतून म्हणाले. "आधी उठा इथून."

"मंत्रीसाहेब, मी..."

"उठा म्हणतो ना! काय तमाशा लावलाय?" त्यांनी खुर्ची ओढली, बाईंना अक्षरशः बाजूला सारलं आणि स्वतः बसले. पाटी आडवी केली. तिच्यावर दोन्ही तळहात ठेवले, जणू ती उडून जाणार होती.

बाई खुर्चीमागे उभ्या राहिल्या. देश आता मंत्रीमहोदय होते. बाई कुणी नव्हत्या. इतकी वर्षं वाट पाहून, शुभेच्छा देऊन, हात थोपटून घेऊन शेवटच्या घटकेला त्यांनी आपला घास एका अनोळखी नर्सच्या तोंडात घातला होता. अंगाची लाही लाही होत होती. साहेब खुर्चीत जाणार होते, आणि त्या 'कनवाळू' शब्दासकट जाणार होते.

"दुसरा भाग, महासचिवांची नियुक्ती," अध्यक्ष म्हणाले. या वेळी त्यांनी सावधपणे पाचही पाट्यांवरून नजर फिरवली. "कुणाची हरकत?"

मंत्रीमहोदयांनी पाटी आणखी घट्ट दाबली. साहेब कोटाचं बटण लावून उठण्याच्या तयारीत होते.

समोरच्या बाजूला लाकूड सरकल्याचा आवाज झाला. वकीलसाहेब पाटी उभी करत होते. मोडक्या हाताला ती धड पेलेना, घसरून आडवी पडली. त्यांनी ती पुन्हा उचलली, डाव्या हाताचा आधार दिला आणि उभी केली.

"हरकत," ते म्हणाले.

पायऱ्यांवरचे मंत्री एकदम वळले. मग मंत्रीमहोदयच ओरडले, "हे काय? तुमच्या सरकारने शब्द दिला होता!"

"दिला होता," वकीलसाहेब शांतपणे म्हणाले. "जोडठरावाला. त्याची गाठ तुमच्याच देशाने आत्ता सोडली. आमचा शब्द तिथेच संपला."

"पण कारण?"

"कारण सांगायचं बंधन नाही," वकीलसाहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी बाईंकडे पाहिलं. त्या डोळ्यांत शहाणपण वगैरे काही नव्हतं. पावसाळाभर एका कोठडीत ज्याच्याशेजारी झोपलो, त्याचा हिशेब चुकता करणाऱ्या माणसाचे डोळे होते ते. बाईंना सकाळी बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं.

अध्यक्षांनी हातोडा खाली ठेवला. नियुक्ती बारगळली होती. फोटोवाल्यांनी तेवढ्यात फोटो काढले, अर्धवट उठलेल्या साहेबांचे. आईला संध्याकाळी टीव्हीवर हेच दिसणार होतं. साहेब धड उभे नव्हते आणि धड बसलेही नव्हते, एक हात बटणावर तसाच, आणि तोंड इतकं उतरलेलं की काळे केलेले केस दुसऱ्याच कुणाचे वाटत होते. बाईंनी ते तोंड डोळे भरून पाहिलं. फार गोड वाटलं, खोटं कशाला बोला.

"उद्यापासून घरी बसा," मंत्रीमहोदय त्यांच्या अंगावर खेकसले. "नाही, आत्तापासूनच!"

"बसते," बाई म्हणाल्या आणि पर्स उचलली.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलसाहेब त्यांची वाट बघत उभे होते. दोघं काही बोलणार, तोच मागून बूट वाजले. मोठे साहेब येत होते. बरोबर शिपाई, मागे दोन-चार वार्ताहर. पण साहेबांना वार्ताहरांचं भान नव्हतं. ते थेट बाईंसमोर येऊन उभे राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा बुचकळ्यात पडल्याचाच भाव जास्त होता.

"बाई, मी तुमचं काय घोडं मारलंय?" ते म्हणाले. "मी तर तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. तुम्ही माझ्याबद्दल इतकं चांगलं लिहिलंत. मग हे का?"

हा प्रश्न बाईंनी त्यांच्या तोंडी हजार वेळा घातला होता. उत्तरही तयार होतं.

"माझ्या भावासाठी," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला पाहुणा म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी पुलावर नेऊन पलीकडच्यांच्या ताब्यात दिलंत."

आता साहेबांचा चेहरा पांढरा पडेल, असं बाईंना वाटलं होतं. ते मान खाली घालतील, किंवा निदान खोटं तरी बोलतील, असं वाटलं होतं. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते मनापासून आठवत होते. कुणी हरवलेल्या छत्रीबद्दल विचारावं आणि भल्या माणसाने आठवून पाहावं, तसं आठवत होते. वार्ताहरांनी मोबाइल पुढे केले होते.

"पुलावर..." साहेब म्हणाले. "अहो, पण त्या काळात पुलावरून कितीतरी दिले आपण. दर महिन्याला गाडी जायची. त्यातला तुमचा कुठला?"

गृहखात्याच्या म्हणण्याप्रमाणे या देशातून कधीच कुणी पलीकडे दिलं गेलं नव्हतं. एका वार्ताहराने मोबाइल साहेबांच्या आणखी जवळ नेला. काय बोलून बसलो ते साहेबांच्या अजून लक्षात आलेलं नव्हतं. ते उत्तराची वाट बघत होते, शिष्टाचाराने, थोडे वाकून.

धाकट्याचं नाव बाईंच्या ओठांवर आलं. इतकी वर्षं त्या एका नावासाठी त्यांनी दात धरून दिवस काढले होते. त्यांनी ते नाव घेतलं नाही.

"सगळे," बाई म्हणाल्या.